दुर्बिणीला न दिसलेले पट्टे

ऑफिसात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. संगणकावर एक रंग दुसऱ्या रंगात विरत जाताना मध्येच पायऱ्या पडतात, पट्टे दिसतात. ते हुडकावेत तर तिनेच. मग ती चित्रात अगदी बारीक दाणे विखरून टाकी. दाणे डोळ्यांना जाणवत नाहीत, पण पट्ट्यांच्या कडा मोडतात आणि रंग सलग वाटतो. किती दाणे टाकायचे हे ती नुसत्या नजरेने ठरवी. कोणी कॉन्ट्रास्ट ताणून, म्हणजे फिक्या-गडदातला फरक वाढवून, पट्टे तपासू लागलं की म्हणे, “काय रे, काठी टेकत चालतोस का?”

गेलं वर्षभर मात्र तिला सगळीच चित्रं गुळगुळीत दिसत होती. दाणे कमी कमी होत गेले. आपला हात आता चांगलाच बसला, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली. मोठी बहीण कानीकपाळी ओरडे, “अगं, सुईत दोरासुद्धा माझ्याकडून ओवून घेतेस. डोळे दाखव एकदा!” ती हसण्यावारी नेई.

आणि मग ती नाटकाची तालीम आली. रंगमंचाच्या मागच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर तिने केलेलं संध्याकाळचं आकाश लागलं, गडद निळ्यातून काळ्यात जाणारं. दिग्दर्शक खुर्चीतून ओरडला, “हे आकाश आहे की जिना?”

तिला एकही पट्टा दिसत नव्हता. पण सगळे तिच्याकडे बघत होते, तेव्हा तिने नाक वर करून ठोकून दिलं, “माझं चित्र स्वच्छ आहे. स्क्रीन भिकार आहे.”

“ताई, स्क्रीन सकाळीच तपासलाय मी,” भाड्याने स्क्रीन लावून देणारा स्क्रीनवाला म्हणाला. “एकदा तुमची फाइल बघता का?”

“मला शिकवू नका. पट्टे बघूनच पोट भरते मी.”

लोक हसले. त्याचा चेहरा उतरला. नाटकाचा व्यवस्थापक त्याला म्हणाला, “तुमचा स्क्रीन उतरवा. जेवून आलो की दुसऱ्या कंपनीला फोन लावतो.”

हॉल रिकामा झाला. स्क्रीनवाला केबली सोडवू लागला. ती मागच्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसली, आणि कोणी बघत नाही अशी खात्री करून तिने कॉन्ट्रास्ट ताणला. गादीच्या खोळीवर असावेत तसे जाडजूड पट्टे! तिने आधीचं काम उघडलं. तिथेही तेच. त्याच्या आधीचं उघडलं, तिथेही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुपचूप दाणे वाढवायचे आणि नव्या स्क्रीनसाठी म्हणून नवी फाइल द्यायची. पट्टे गेले की तिचंच खरं ठरणार होतं. हा विचार तिला नुसता सुचला नाही, पटलासुद्धा. फाइलला ‘नव्या स्क्रीनसाठी’ असं नाव देऊन झाल्यावर तिने मान वर केली. स्क्रीनवाला केबल गुंडाळत होता. त्या नावाची तिला त्या पट्ट्यांहून जास्त लाज वाटली.

व्यवस्थापक फोन काढतच आत आला, मागोमाग बाकीचेही आले. ती उभी राहिली.

“फोन नका लावू. स्क्रीन ठीक आहे. चूक माझी आहे.”

“अहो, पण मघाशी तुम्ही स्वतः बघितलंत ना?”

“मला पट्टे दिसतच नाहीत,” ती म्हणाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

स्क्रीनवाल्याने केबली पुन्हा जोडल्या. तिने दाणे वाढवून आकाश लावलं.

“गेले का?” तिने विचारलं.

तो खाली प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये जाऊन उभा राहिला. “तळाशी अजून आहेत.”

तिने आणखी दाणे टाकले. “आता?”

“गेले.”

तिच्या नजरेला तिन्ही आकाशं सारखीच होती. मघाशी ज्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं, त्याच्या शब्दावर विसंबून तिने फाइल सेव्ह केली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.