दोन रेषांमधली फट

माझी बायको गेली तेव्हा तिचा शेवटचा शोधनिबंध छापून यायचा होता. तो मागे घ्या, असं तिच्या धाकट्या बहिणीनेच बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं. आम्ही तिघं खगोलशास्त्राच्या एकाच विभागात. तेव्हापासून मेहुणी आणि मी कामापुरतंच बोलत होतो.

डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारा पदार्थ, गोळ्यागोळ्यांनी राहतो. त्या गोळ्यांना हेलो म्हणतात. बायकोचं म्हणणं असं, की एकाच वजनाच्या छोट्या हेलोंपैकी जे आधी तयार झाले ते गर्दीत सापडतात, उशिरा झालेले विरळ जागी. नुसत्या वजनावरून शेजार ठरत नाही. संगणकातल्या विश्वात तिने हे मोजलं होतं.

मेहुणीचा आक्षेप वेगळाच होता. गर्दीतले कित्येक हेलो एखाद्या अजस्र हेलोच्या आतून जाऊन बाहेर पडलेले. आत त्यांची वाढ खुंटली, म्हणून ते जुने दिसतात, आणि अजून त्याच्याच दाराशी घुटमळतात. तिच्या ताईने त्यांना स्वतंत्र धरलं, तिथेच चुकलं.

मी ते सगळे वगळून मोजणी पुन्हा लावली. आलेखात जुन्यांची गर्दी दाखवणारी रेष आणि नव्यांची रेष एकमेकींवर बसली, तर निबंध मागे घ्यायचा, असं ठरलं.

आज दुपारी मोजणी संपली. आलेख कुणी एकट्याने बघायचा नाही, शंका घेणाऱ्यानेच उघडायचा, हा बायकोचा नियम. मेहुणीला बोलावलं. खोलीत रिकामी खुर्ची एकच, ताईची. मेहुणी उभीच राहिली.

"भावोजी, तुम्ही आधी पाहिलंत?"

"आधी पाहिलं तर तुझी बहीण मला झोपू देईल का?"

ती हसली नाही. माऊसवर हात ठेवला, काढून घेतला. तुम्हीच उघडा, म्हणाली. मी नकारार्थी मान हलवली.

"मला ती चुकलेली नकोय, भावोजी."

"मग बैठकीत बोललीस कशाला?"

"ती असती तर पहिलं मलाच विचारलं असतं, यात खोट काढ म्हणून."

मी माऊस तिच्याकडे सरकवला. तिने आलेख उघडला.

रेषा जवळ सरकल्या होत्या. फट निम्म्याहून कमी उरली होती. पण होती, आणि मोजण्यातल्या चुकीने पडावी एवढी बारीक नव्हती. मेहुणीने वाकून एकेक बिंदू पाहिला. मला पुन्हा चालवायला लावलं. फट तेवढीच.

निबंध मागे घ्यायचा नाही, पण त्यातला फरकाचा आकडा खाली आणायला हवा, मी म्हटलं.

"ताई भांडली असती."

"कडाकडा. आणि मग तुझं नाव तिच्या नावाखाली घातलं असतं."

मेहुणीने डोळे पुसले, ताईची खुर्ची ओढली, बसली, आणि निबंधाचं पहिलं वाक्य खोडायला घेतलं.