चाकामागचा धोंडा

तातेरावांच्या मोटारीत पुढच्या सीटखाली एक धोंडा असायचा. नारळापेक्षा थोडा मोठा, एका बाजूनं सपाट, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. तो सुमनबाईचा होता. सुमनबाई म्हणजे तातेरावांची बायको.

दर शिवरात्रीला हिंगोलीहून गल्लीतल्या बायांना मोटारीत घालून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायचं, हा सुमनबाईचाच नेम. औंढ्याच्या अलीकडे चढण लागली की मोटार अर्ध्यात दम सोडायची. मग बाया खाली उतरायच्या, पदर खोचायच्या आणि मागून ढकलायच्या. सुमनबाई धोंडा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायची. मोटार थांबली की धोंडा चाकामागे सारायची, म्हणजे ती मागे घसरत नसे. मोटार निळा धूर सोडायची तो थेट बायांच्या तोंडावर. माथ्यावर पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडं चुलीतून काढल्यासारखी दिसायची.

मागच्या शिवरात्रीला माथ्यावर धापा टाकत सुमनबाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पुढल्या साली एकीलाबी खाली उतरू देणार न्हाई. माझा शब्द हाय."

बाया हसल्या होत्या. तातेरावही हसले होते. श्रावणात तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली.

तिचा शब्द तेवढा मागे राहिला. तातेरावांना दुसरं काही सुचत नव्हतं, पण हे एक करता येण्यासारखं होतं. माघ लागला तसा त्यांनी लालसिंगला बोलावून घेतलं.

लालसिंग डोंगरकड्याच्या बाजूच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर धान्य वाहिलं होतं. लालसिंग मोटारी दुरुस्त करू लागला, पण मोटारीकडेही बैलाकडे बघावं तसंच बघायचा. त्यानं अंगणातल्या लिंबाखाली इंजिन खोललं, पिस्टन बाहेर काढले आणि एक रिंग तातेरावांच्या हातात ठेवली.

"बघा मालक. झिजून झिजून ढिली झाली. जोर बाजूनं निघून जाऊन राहिला आन् तेल वर येऊन जळून राहिलं. गाडी चढंल कशी?"

"मग नव्या रिंगा घालू."

"घालू की. पण हैद्राबादेहून मागवा. इथं भेटत न्हाईत."

रिंगा आगगाडीनं आल्या, मेणकागदात गुंडाळलेल्या. शिवरात्र तोंडावर आली होती. लालसिंगनं एकेक रिंग सिलिंडरात घालून, दोन टोकांमधली फट बघून बाजूला ठेवली.

"मालक, ह्या बिडाच्या हायेत. वाकत न्हाईत, सरळ तुटतात. मी ठेसनावरून तेलाचा डबा घेऊन येतो. मी येईस्तोवर हात लावू नका."

लालसिंग गेला. तातेराव पिस्टनसमोर बसले. रिंग बघितली. अगदी बांगडीसारखी. शेजारची पारुबाई कासारीण सुमनबाईच्या हातात बांगड्या भरायची, ते त्यांनी संसारभर बघितलं होतं. हाताला तेल लावायचं, काकण बोटांवर चढवायचं आणि घाई न करता दाबत दाबत न्यायचं. त्यात काय अवघड आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिस्टनला तेल लावलं, वरून रिंग ठेवली आणि दाबत दाबत खाली नेऊ लागले.

कट्ट असा आवाज झाला.

"वाढली का?" मागून पारुबाई म्हणाली. बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती डोक्यावर टोपली घेऊन गिऱ्हाईक करून परत येत होती.

तातेरावांच्या हातात दोन तुकडे होते.

पारुबाईनं टोपली उतरवली. ती सुमनबाईला बहीण मानायची, म्हणून तातेरावांना दाजी म्हणायची आणि मेव्हणीच्या हक्कानं बोलायची. "दाजी, काहून दाबून राहिले? बांगडी भरताना बांगडी मोठी होती का? हात लहान करावा लागतो. बोटं चेपून. तुमचा हा लोखंडाचा हात चेपतोय का?"

"न्हाई."

"मग?"

"तुझं बघून केलं ना."

"माझं बघून? इतकी वर्षं बघितलं आन् एवढंच दिसलं व्हय."

तेवढ्यात लालसिंग डबा घेऊन आला. त्यानं तुकडे बघितले, डबा खाली ठेवला.

"मी काय म्हणलो होतो, मालक?"

"हात लावू नका म्हणला होतास."

"मग लावला?"

"लावला."

लालसिंग खाली बसला. जादा रिंग नव्हती. हैद्राबादेहून दुसरी येईपर्यंत शिवरात्र होऊन गेली असती. तातेराव मडगार्डला टेकून उभे राहिले. सुमनबाईनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, आणि तो आपल्या अंगठ्याखाली मोडला, असं त्यांना वाटलं. त्यांना तिची इतकी आठवण आली की ते उगाच चाकाची हवा बघू लागले.

लालसिंगनं जुन्या रिंगांचा ढीग पुढ्यात ओढला. एकेक उचलून सिलिंडरात घालून बघितली. बऱ्याच टाकून दिल्या. एक हातात ठेवली.

"ही सगळ्यांत कमी झिजलेली. शेवटच्या पिस्टनला सगळ्यांत खाली घालतो. त्या एकातून थोडा धूर येईल. पण जोर वरच्या रिंगा धरतील."

"चढंल?"

"चढायला पाहिजे."

"चढंल का म्हणून इचारलं."

"मालक, बैलाचंबी मी असंच सांगतो."

मोडलेल्या रिंगेचा तुकडाही त्यानं फेकला नाही. पिस्टनच्या खाचांतली काजळी खरवडायला त्याच जाडीची वस्तू लागते. तातेरावांना त्यानं तेच काम दिलं. "खरवडा आता. ह्यानं काही मोडत न्हाई."

नव्या रिंगा चढवायच्या वेळी लालसिंगनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पातळ पट्ट्या केल्या. रिंग थोडी फाकवायची, खालून पट्ट्या सारायच्या आणि पट्ट्यांवरून ती सरकवत खाचेत उतरवायची. पण फाकवायला दोन्ही हात लागत होते आणि पट्ट्या धरायला तिसरा. त्यानं तातेरावांकडे बघितलं. तातेरावांनी आपले हात मागे घेतले.

"सरका," म्हणत पारुबाई पुढे बसली. तिनं रिंगेची दोन टोकं अंगठ्यांनी धरली आणि हळूच फाकवली.

"अजून जरा," लालसिंग म्हणाला.

"न्हाई. एवढंच. ह्याच्या पुढं ती कुरकुर करंल."

"लोखंड कुरकुर करतं?"

"वाढायच्या आधी काच करती. हीबी करणार. तू पट्ट्या सार."

एकेक रिंग बसत गेली. लालसिंगनं प्रत्येकीची फट वेगळ्या बाजूला फिरवली, एका रेषेत फटी आल्या तर वारा तिथूनच पळतो म्हणून. शेवटची बसली तेव्हा पारुबाई तेलानं काळे झालेले हात बघत म्हणाली, "दाजी, सुमनताई असती तर म्हणली असती, पारू, मोटारीचा चुडा भरला, आता हिला लुगडं घे."

तातेराव हसले. श्रावणानंतर ते असे हसले नव्हते.

इंजिन जोडलं, हँडल मारलं, मोटार सुरू झाली. धूर आला, पण सुताएवढा. लालसिंगनं एकच अट घातली. नव्या गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी भरलेल्या गाडीला जुंपत नाहीत, तशी नव्या रिंगांची मोटारही आधी रिकामी फिरवायची. तातेराव कळमनुरीपर्यंत एकटेच जाऊन आले. शेजारची सीट रिकामी होती. वाटेत त्यांनी एकदा खाली हात घालून धोंडा जागेवर आहे का ते बघितलं.

शिवरात्रीला बाया दाटीवाटीनं बसल्या. पारुबाई पुढे, बांगड्यांची टोपली मांडीवर. लालसिंग बाहेर पायरीवर उभा. चढण आली तशी मागे बसलेल्या गल्लीतल्या मंजुळाबाईनं सवयीनं पदर खोचला आणि दार उघडायला हात घातला.

"बस," पारुबाई म्हणाली. "ताईनं काय सांगितलं होतं?"

तातेरावांनी पहिला गिअर टाकला. मोटार चढू लागली. नेहमी जिथे दम सुटायचा ते बाभळीचं झाड मागे गेलं. आणि मग पुढे एक बैलगाडी आडवी आली. जत्रेची गर्दी, बैल बुजलेले, गाडीवान उतरून त्यांना ओढत होता. तातेरावांना थांबावं लागलं. भर चढणीत, भरलेली मोटार. हँडब्रेक आधीपासूनच नावाला होता. मोटार इंचभर मागे सरकली. बायांनी एकमेकींचे हात धरले. एकीनंही पाय खाली टाकला नाही.

"लालसिंग, धोंडा," तातेराव म्हणाले.

पारुबाईनं सीटखालून धोंडा काढून दिला. लालसिंगनं तो मागच्या चाकामागे सारला आणि परत पायरीवर चढला. बैलगाडी बाजूला झाली. तातेरावांनी क्लच सोडत आणला. इंजिनाचा आवाज जड झाला, जुन्या रिंगेच्या शेवटच्या सिलिंडरनं थोडा धूर सोडला, आणि मोटार जागची हलली. धोंड्यापासून सुटली. थांबल्याशिवाय माथ्यापर्यंत गेली.

वर सपाटीला मोटार उभी राहिली, तसा बायांनी एकच गलका केला. मंजुळाबाई म्हणाली, "तोंडं बघा एकमेकींची. गोरी हायेत."

तातेराव खाली उतरले आणि आल्या वाटेनं चालू लागले.

"मालक, कुठं निघाले?" लालसिंगनं विचारलं.

"धोंडा ऱ्हायला खाली."

"मी आणतो ना."

"नको. तू थांब."

ते चढण उतरून गेले. धोंडा वाटेतच पडला होता, उन्हानं तापलेला. त्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि दोन्ही हातांत धरून वर आणला. त्यांना धाप लागली होती. बाया तशाच बसून होत्या.

"दाजी," पारुबाई म्हणाली, "गाडी तर चढली. आता कशाला लागतो तो?"

तातेरावांनी धोंडा पोत्यात गुंडाळला आणि सीटखाली सरकवला.

"परतीला उतार हाय ना," ते म्हणाले.

"आमी उतरू का आता?" मागून मंजुळाबाईनं विचारलं. "पायाला मुंग्या आल्या."

"देवळापर्यंत बसा," तातेराव म्हणाले. "सांगून गेलीय ती."