सरुबाईच्या पोराचं नाव

मित्रांनो, परवा मंडपाचं कापड शोधायला तुम्ही तालमीच्या माळ्यावर चढलात, तेव्हा तुमच्यातल्या एकाचा पाय माझ्यावर पडला. "ह्यो काय भंगार हाय रं?" असं त्यानं विचारलं. दुसऱ्यानं "भोंगा हाय, जुना" म्हणत मला पायानंच बाजूला सारलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला माझ्याविषयी कुणी काही सांगितलंच नाही. म्हणून आज मीच सांगतो. मी अॅल्युमिनियमचा एक जुना कर्णा आहे. माझ्या काठाला पोचा आहे, तोंडात धूळ आहे, आणि एके काळी या कोल्हापुरात फुटबॉलचा सामना माझ्याशिवाय सुरू होत नसे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा गरागरा फिरवून, दाबून, कारागिरानं माझं तोंड असं रुंद केलं. सुरुवातीची काही वर्षं मी एका मंडपवाल्याकडे लग्नांत राबलो. हरवलेल्या चपला, चुकलेली पोरं, पंगतीत संपलेला भात, सगळ्याची दवंडी मी पिटली. एकदा टेम्पोतून पडलो आणि हा पोचा आला. मग मंडपवाल्यानं मला स्वस्तात काढायचं ठरवलं, आणि पेठेतल्या तालमीनं वर्गणी काढून मला घेतलं. तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं.

तालमीत माझी गाठ गुंडूआण्णांशी पडली. आण्णांचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सामन्याच्या दिवशी ते दुपारीच दुकानाला फळी लावून बंद करत, हात घासून धूत, तरी नखांत ग्रीस राहायचंच. मग मला रिक्षात घालून स्टेडियमवर नेत, पायऱ्यांच्या मधोमध एका लोखंडी पाइपला बांधत आणि माइक हातात घेत. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. आण्णा बोलत आणि मी ते मैदानभर पोचवत असे. पण असा बोलणारा मिळायला नशीब लागतं.

त्या वेळी प्रत्येक पेठेच्या तालमीचा संघ म्हणजे त्याच पेठेतली पोरं. सकाळी दारात दूध घालणारा संध्याकाळी गोल मारताना दिसायचा. आमच्या संघात एका वर्षी तीन संजय झाले. 'संजूकडे चेंडू' म्हटलं की तिघांच्याही घरचे उठून उभे राहत आणि मागचे लोक त्यांना शिव्या घालत. यावर आण्णांनी तोड काढली. ते पोरांना आईच्या नावानं पुकारू लागले. विठाबाईचा संजू, बायडाबाईचा संजू आणि धोंडुबाईचा संजू. धोंडुबाईला पहिल्यांदा फार लाज वाटली. "चारचौघांत माझं नाव कशाला घेतासा?" म्हणून ती दुकानावर भांडायला आली. पुढच्या सामन्यात आण्णांनी तिचं नाव गाळलं, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भांडायला आली.

मग ती रीतच पडली. आण्णा आमच्याच नव्हे, समोरच्या संघातल्या पोरांच्याही आयांची नावं विचारून ठेवत. बायका पदर सावरून पायऱ्यांवर येऊन बसू लागल्या. मैदानावर बावीस पोरं पळत आणि माझ्या तोंडातून त्यांच्या आया पळत. मला त्या दिवसांचा फार अभिमान वाटतो.

या सगळ्या बायकांत माझ्या अगदी खाली, पाइपला टेकून बसायची ती सरुबाई. खालच्या गल्लीत, बुद्धविहाराला लागून तिचं घर. नवरा भाऊसो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. लहानपणी देवी येऊन गेल्या तेव्हापासून सरुबाईची नजर अधू झाली होती. हाताच्या अंतरापलीकडे तिला सगळा धुरळाच दिसे. तिचा मुलगा धम्मपाल आमच्या संघात डाव्या बाजूनं खेळायचा. मान थोडी वाकडी करून पळायची त्याची सवय होती. आण्णा त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून, नुसत्या चालीवरून ओळखत. सरुबाईला मात्र आपलं पोरगं कधी दिसलं नाही. ती त्याचा खेळ माझ्याकडून ऐकायची.

"अगा गा गा! सरुबाईच्या पोरानं काढलाय डावीकडनं! एकाला टाकला, दुसऱ्याला टाकला... ए विठाबाईच्या संजू, आत घूस की लेकरा, बघत काय हुबा ऱ्हायलाईस!"

हे ऐकताना तिचे ओठ हलत. एका अंतिम सामन्यात धम्मपालनं गोल मारला, तेव्हा आण्णा एवढे ओरडले की माझा पत्रा झणझणला. सगळी खालची गल्ली नाचू लागली. सरुबाई उठली, हातानं चाचपून तिनं माझा पाइप धरला आणि वर तोंड करून म्हणाली, "आण्णा, पुन्यांदा म्हणा की." आण्णांनी पुन्हा म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम दुसरं केलं नाही.

मग दिवस पालटले. एका तालमीनं बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणले आणि करंडक नेला. दुसरीनं आणले. आम्ही दोन वर्षं लागोपाठ हरलो. हरलं की पेठेत तोंड दाखवायला जागा नसे, आणि 'आपणबी भाईरचे आणा' असं ओरडणाऱ्यांत आमचेच लोक सगळ्यांत पुढं होते. तालमीचा कारभार बघणाऱ्या अमरसिंहला एकट्याला मी दोष देणार नाही. त्यानं लोकांनी मागितलं ते आणलं.

ती बाहेरची पोरंही वाईट नव्हती. कुणी गोव्याचा, कुणी केरळचा, पुढं पुढं तर पार परदेशातून आलेला. पोटासाठी आली होती बिचारी. खेळायची तर अशी, की बघत राहावं. आण्णांनी आपली रीत सोडली नाही. सामन्याआधी त्यांच्या घोळक्यात जाऊन, मोडक्या हिंदीत, "तुम्हारी आई का नाव क्या?" असं विचारून आले. पोरं हसली, पण सांगितलं त्यांनी. आण्णांनी ती नावं घोकली. आणि पुढच्या हंगामात बघतो तर तीच पोरं समोरच्या तालमीच्या जर्सीत! गेल्या वर्षी ज्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, त्यालाच यंदा शिव्या द्यायच्या. लोकांनाही कळेना काय करावं. माइकवर हात ठेवून आण्णा हळूच म्हणाले, "आता ह्येला कुठल्या गल्लीचा म्हणू?"

अमरसिंहनं त्यांची सुटका केली. "आण्णा, आईबीईची नावं आता बास करा. स्पर्धा मोठी झाली, भाईरची माणसं येत्यात, हसत्यात. पाठीवर नाव हाय, नंबर हाय, त्येवढं वाचा." एका दुकानदारानं नव्या जर्स्या दिल्या होत्या. खेळणाऱ्या अकरा जणांच्या पाठीवर इंग्रजीत नावं छापलेली. बाकावरच्या पोरांना जुन्या, विटलेल्या जर्स्या. धम्मपाल आता बाकावर होता. चालीवरून पोरगं ओळखणारे आण्णा डोळे बारीक करून पाठी वाचू लागले.

पायऱ्या रिकाम्या व्हायला वेळ लागला नाही. एक संजू बाकावर बसला तशी त्याची गल्ली यायची थांबली. मग दुसरा बसला. जे उरले ते खेळ बघायला कमी आणि भांडायला जास्त येत. दोनदा दगड चालले, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, त्यानंतर बायकांनी मैदानाचं नावच सोडलं. लोक म्हणत, घरात केबल आली, परदेशातले सामने दिसतात, आता आपल्या पोरांचे कोण बघणार? मला हे कधी पटलं नाही. केबल आली तेव्हाही माझ्या खाली बसायला जागा नसायची.

सगळ्या गेल्या, पण सरुबाई येत राहिली. भाऊसो तिला पाइपपाशी बसवून पाळीला जायचा. पदरात शेंगा घेऊन ती एकटीच बसायची. सामना संपला की विचारायची, "आण्णा, माझ्या पोराचं नाव न्हाय घेतलंसा?"

"आज बसवलाय सरुबाई. फुडल्या सामन्यात खेळंल."

"बरं," म्हणायची आणि पुढच्या सामन्याला पुन्हा यायची. तिला दुसरं काही नको होतं. ते नाव एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. मलाही तेच हवं होतं. पण बोलणारा मी नव्हे.

एकदा असाच सामना होता. आम्ही तीन गोलांनी मागे होतो. मध्यंतराला आण्णा चहाला खाली गेले. तेवढ्यात आमच्या डाव्या बाजूनं खेळणाऱ्या रॉबिनचा पाय मुरगळला होता म्हणून अमरसिंहनं धम्मपालला उठवलं. पंचांना त्याची विटकी जर्सी चालेना. मग रॉबिननं आपली काढून दिली आणि धम्मपालनं ती अंगात घातली. पूर्वी असा बदल झाला की कोणी ना कोणी पायऱ्या चढून आण्णांना सांगायला यायचं. त्या दिवशी पायऱ्यांवर होतं कोण? चार टोळकी, तीही लांब.

आण्णा परत आले, माइक घेतला. सामना सुरू झाला. मी मैदानाकडे तोंड करून होतो, मला ती वाकडी मान दिसत होती. डावीकडून तो निघाला, एकाला टाकला, दुसऱ्याला टाकला. आण्णांनी डोळे बारीक केले आणि पाठ वाचली.

"रॉबिन... रॉबिन चेंडू घेऊन... गोल. गोल मारलाय रॉबिननं."

ते ओरडलेसुद्धा नाहीत. लांबच्या टोळक्यात कोणीतरी एक शिट्टी मारली. आणि धम्मपाल, मित्रांनो, दोन्ही हात वर करून सरळ माझ्या दिशेनं धावत आला. लाइनीपर्यंत आला आणि थांबला. त्याच्या आईनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल खाली सोडलं. तो हात तसेच वर धरून थोडा वेळ उभा राहिला. मग वळला आणि जागेवर गेला.

सामना आम्ही हरलोच. माइक भाड्यानं देणारा मंडपवाला वायरी गुंडाळू लागला. धम्मपाल पायऱ्या चढून वर आला.

"आई, ऐकलंस न्हवं?"

"काय ऐकू? आजबी तुझं नाव न्हाय आलं. कोण रॉबिन म्हणालं."

"मीच की गं त्यो."

सरुबाईनं हात पुढं केला, त्याच्या पाठीवरून फिरवला आणि छापलेली अक्षरं बोटांनी चाचपली. आण्णांनी हे सगळं ऐकलं. "वायर काढू नगंस!" असं मंडपवाल्यावर खेकसून त्यांनी माइक हिसकावला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडले, "मगाचा गोल सरुबाईच्या पोरानं मारलाय! खालच्या गल्लीचा धम्मपाल! डावीकडनं!"

मीही सगळा जीव लावून ते मैदानभर फेकलं. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर आपटून ते परत आलं. स्टेडियमच्या दारात गाडा आवरणाऱ्या शेंगवाल्यानं मान वर करून पाहिलं, बाकी कोणी नव्हतं.

"आता कुणाला सांगालाय आण्णा?" सरुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गोल झाला तवा मी हितंच बसलोतो की. शेंगा खाईत."

मुलाचा हात धरून ती पायऱ्या उतरली. पुन्हा ती मैदानावर आली नाही. धम्मपालनं बूट खुंटीला टांगले आणि वडिलांच्या फाउंड्रीत लागला. आण्णांनी त्या हंगामानंतर माइक धरला नाही. कुणी आग्रह केला की म्हणत, "मला आता पोरं वळखू येत न्हाईत." वास्तविक ते अजूनही कुणालाही चालीवरून ओळखत होते. पुढं मोठे काळे स्पीकर आले आणि मी इथं आलो. आण्णाही आता नाहीत.

माळ्याच्या या झरोक्यातून मला खालची गल्ली दिसते. सामन्याच्या दिवशी सरुबाई उंबऱ्यात येऊन बसते. म्हातारी झाली आहे, नजर आता पार गेली आहे. मैदानावरून नव्या स्पीकरचा आवाज येतो, पण नीट कळत नाही. सामना सुटून पोरं गल्लीतून जाऊ लागली की ती हाक मारते, "ए लेकरा, गोल कुणाच्या पोरानं मारला रं?"

एकदा तुम्ही सामना बघून येताना तिनं तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही न थांबता ओरडून सांगितलंत, "नऊ नंबरनं!" ती "बरं" म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

मला खाली काढा, पुसा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. माझं काय, मी पत्रा आहे. पण मित्रांनो, पुढच्या सामन्याला जाल तेव्हा नऊ नंबरला एवढं विचारून या, की बाबा, तू कुठला आणि तुझी आई कोण? मग येताना सरुबाईच्या उंबऱ्याशी जरा थांबा. ती विचारेलच.