कावळ्याचा घास आणि बंडोपंतांचं पथ्य

कुत्रं घरात आलं त्या दिवशी भीमाचार्यांनी ‘आता या घरात माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही’ असं जाहीर केलं, आणि बाराच्या ठोक्याला नेहमीप्रमाणे पाटावर बसून पोटभर जेवले. सुचेताला सासऱ्यांचा हा स्वभाव एव्हाना ठाऊक झाला होता. विजापूरहून ते बंगळूरला मुलाकडे राहायला आले त्याला वर्ष होत आलं होतं.

कुत्रं तिच्या नवऱ्याच्या, पद्मनाभच्या साहेबांचं. साहेब अमेरिकेला गेले ते सहा महिन्यांसाठी, म्हणजे कायमचे. शहाण्णव साली इलेक्ट्रॉनिक सिटीतून माणसं अशीच सहा-सहा महिन्यांसाठी जात. जाताना त्यांनी आपला सोनेरी कॉकर स्पॅनियल पद्मनाभच्या हवाली केला, आणि साहेबांना नाही म्हणायची पद्मनाभची प्राज्ञा नव्हती. कुत्र्याचं नाव ब्रँडी. ते तोंडातून काढलं तर आचमन करावं लागेल, म्हणून भीमाचार्य त्याला बंडोपंत म्हणू लागले. महिन्याभरात तोही त्याच नावाला ओ देऊ लागला.

बंडोपंत दिसायला राजबिंडा आणि आतून सगळा रोगांचा बाजार. लांब कानांच्या आत आंबूस वास, पोटाखाली लाल चट्टे, पाठीवर तेलकट कोंडा. दिवसभर पंजे चावायचा आणि रात्री सोफ्याला अंग घासायचा. घरात जितकी माणसं तितके वैद्य. सुचेताने त्याला रोज बाळाच्या साबणाने अंघोळ घातली. पद्मनाभने घामोळ्यांची पावडर मारली. कामाला येणाऱ्या गंगव्वाने कडुनिंब आणि हळद वाटून असा लेप दिला, की आठ दिवस बंडोपंत जयनगरात नवरदेव होऊन फिरत होते. खाज मात्र जिथल्या तिथे राहिली.

शेवटी डॉक्टर प्रियदर्शनी यांच्याकडे न्यावं लागलं. बाईंनी कान उचलून आत पाहिलं आणि विचारलं, “रोज अंघोळ कोणाच्या सल्ल्याने?”

“आमच्याकडे अंघोळीशिवाय कोणी स्वयंपाकघरात येत नाही,” सुचेता ओशाळून म्हणाली.

“तो नियम तुमच्या सासऱ्यांना लावा. या जातीच्या कानात ओल राहिली की कान सडलाच म्हणून समजा.”

मग त्यांनी सगळं लिहून दिलं. आठवड्यातून एकदाच औषधी शाम्पू, घड्याळ लावून दहा मिनिटं फेस अंगावर ठेवायचा. कानातले केस कापायचे, कान रोज पुसून कोरडे करायचे, खाताना वर बांधायचे. पण खरा संशय त्यांना खाण्याचा होता, त्यातून दूध-दह्याचा. आठ आठवडे उकडलेला मासा आणि बटाटा, बाकी काही नाही. मध्ये एक घास जरी दुसरा पोटात गेला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सुचेताला वाटलं होतं, मासा म्हटल्यावर सासरे सामान बांधतील. पण ‘पथ्य’ हा शब्द ऐकला आणि भीमाचार्यांचे डोळे चमकले. मुलगा ऐकत नाही, देवळात प्रवचनाला बोलावत नाहीत, आणि इथे आठ आठवडे कोणीतरी आपल्या हुकमात खाणार होतं.

“औषधाला दोष नसतो,” त्यांनी निकाल दिला. “मासे बाहेरच्या शेडमध्ये, वेगळ्या स्टोव्हवर. गंगव्वा शिजवेल. पथ्यावर मी लक्ष ठेवीन.”

आणि त्यांनी ठेवलं. बिस्किटांच्या डब्याला कुलूप लागलं. जेवताना कोणाचा हात टेबलाखाली गेला की वर न बघता विचारत, “काय पडलं?” गंगव्वाला तर जाताना हात हुंगायला द्यावे लागत. पद्मनाभ बापाला घाबरून ऑफिसातच जेवून यायला लागला. एवढं करून पाच आठवड्यांनीही बंडोपंत खाजवतच होते.

“कोणीतरी चारतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पद्मनाभचा संयम संपला. सोफ्याच्या वासामुळे त्याने चार महिन्यांत कोणाला घरी बोलावलं नव्हतं. होसकोट्याजवळ एका सहकाऱ्याचं शेत होतं, तिथे देवाप्पा नावाचा राखणदार चार कुत्री घेऊन राहायचा. “दसऱ्यापर्यंत बघतो. नाही बरा झाला तर तिकडे सोडून येतो. मोकळ्या हवेत राहील.”

मोकळ्या हवेत या कानांचं काय होईल ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुचेता त्या रात्री रडली. या शहरात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. सासरे बोलत, पण ते तिच्याशी नव्हे, तिच्यासमोर.

भीमाचार्यांनी चोर ठरवून टाकला. “गंगव्वाच. तिला उद्यापासून नको सांग.”

“अक्का, देवराणे, देवाची शपथ,” गंगव्वा गळ्यातल्या ताळीला, मंगळसूत्राला हात लावून म्हणाली, “मी काय बी दिलं नाही. अज्जाला सांगा, स्वल्प थांबा म्हणावं. चोर आपोआप दिसतो.”

सुचेताने चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि स्वतः पाळतीवर बसली.

तिसऱ्या दिवशी चोर दिसला, आणि नसता दिसला तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

भीमाचार्यांचा एक नेम होता. जेवायला बसण्याआधी ते दहीभाताचा तूप घातलेला घास मागच्या पायरीवर कावळ्यासाठी ठेवत, हात जोडून, डोळे मिटून विष्णूची चोवीस नावं म्हणत आणि डोळे उघडत. घास गेलेला असे. रोज. आत येताना त्यांचा चेहरा असा निवलेला असे, की त्या वेळी त्यांच्याकडे काहीही मागावं. याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी सासूबाईंच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवला नव्हता. पिंडासमोर उभं राहून भीमाचार्यांनी घराचं, शेताचं, तिच्या धाकट्या बहिणीचं, सगळ्याचं वचन दिलं. तीन तास झाले, कावळे झाडावर बसून राहिले. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. बायको नाराज होऊन गेली, हे त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच. बंगळूरलाही सुरुवातीला घास तसाच राही, अलीकडे मात्र तो रोज जाऊ लागला होता. “इथे तिचं मन रमलं,” ते म्हणत.

कोठीच्या खिडकीतून सुचेताने पाहिलं. सासऱ्यांनी डोळे मिटले. तुळशीमागून बंडोपंत आले, साळसूदपणे दोन नावं होईपर्यंत थांबले, घास उचलला, पायरी चाटून स्वच्छ केली आणि सातव्या नावाला पुन्हा तुळशीमागे गेले.

सगळ्या घराला वेठीला धरणारा पहारेकरी स्वतःच चोराला वाढत होता. एरवी सुचेता पोट धरधरून हसली असती. पण सांगणार काय? ‘अण्णा, तुम्ही ज्याला आमच्या सासूबाई समजता तो कुत्रा आहे’? आणि न सांगावं तर कुत्रा होसकोट्याला.

दुसऱ्या दिवशी बाराला तिने बंडोपंतांना पुढच्या खोलीत बांधलं. चोवीस नावं झाली, घास तसाच. भीमाचार्यांनी पुन्हा चोवीस म्हटली. दोन वाजता मुंग्या लागल्या तेव्हा ते आत आले आणि न जेवता आडवे झाले. “तिचं काहीतरी बिनसलं,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी पथ्याची चौकशीसुद्धा केली नाही.

सुचेताला ते पाहवलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी तिने गंगव्वाला बाराची वेळ ठरवून दिली, ती कान पुसायची. बंडोपंत पुढच्या अंगणात, गंगव्वाच्या मांडीवर. सासऱ्यांनी मागे डोळे मिटले तशी सुचेताने कोठीच्या दारातून हात लांब करून घास उचलला. टाकावा तर अन्न, ठेवावा तर कुठे? तिने तो उभ्यानेच खाऊन टाकला. बाहेर भीमाचार्यांनी डोळे उघडले, आणि त्या दिवशी दोन वेळा भात मागून घेतला.

तेव्हापासून सुचेता रोज बाराला कावळा झाली. गंगव्वाला काढायचा विषय सासऱ्यांनी पुन्हा काढला नाही, त्याचं तिला नवल वाटलं. घासही वाढत चालला. आधी लिंबाएवढा होता, तो पेरूएवढा झाला, आणि पुढे त्यावर लोणच्याची फोड दिसू लागली. म्हातारपण, दुसरं काय, असं मनात म्हणून ती लोणचंही खाई.

दसऱ्याला बंडोपंतांच्या पोटावरचे चट्टे गेले होते, पाठीचा कोंडा गेला होता, कानांना कसलाच वास नव्हता. पद्मनाभने होसकोट्याचं नाव टाकलं आणि नवीन सोफा आणला. डॉक्टर प्रियदर्शनी भीमाचार्यांना म्हणाल्या, “अशी शिस्त मी कुठल्याच घरात पाहिली नाही.”

“डोळ्यात तेल घालून बसावं लागतं,” भीमाचार्य म्हणाले, आणि दवाखान्यातल्या इतर कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी पथ्यावर पाऊण तास सुनावलं. त्याच संध्याकाळी त्यांनी गंगव्वाला इरकली लुगडं दिलं. का, ते सांगितलं नाही.

दिवाळीला सुचेता माहेरी, पुण्याला निघाली. बॅग भरताना तिला एकच घोर होता. गंगव्वाला सगळं सांगून ठेवावं, तर ती चार घरी सांगणार. न सांगावं, तर पंधरा दिवस घास पडून राहणार किंवा बंडोपंतांच्या पोटात जाणार.

भीमाचार्य दारात येऊन उभे राहिले. “किती दिवस?”

“पंधरा, अण्णा.”

“मग पंधरा दिवस मी घास ठेवत नाही. तिला सांगून ठेवलंय, सून माहेरी चाललीय म्हणून.”

सुचेताच्या हातातली साडी खाली पडली. तिने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. कावळ्याच्या पायात बांगड्या वाजत नसतात.”

“आणि त्याआधी कोण खात होतं, तेही?”

“ते मग ओघानेच कळलं. एवढ्या जणांचे हात हुंगले मी,” ते खाली बघत म्हणाले. “घाटावर मी तिला सगळी वचनं दिली, हे एकच सुचलं नाही. सुनेला चार दिवस समोर बसवून जेवू घालायचं, असं ती म्हणायची. तुम्हाला कधी रजाच नसायची.”

लग्नानंतर सहा वर्षांत सुचेता विजापूरला दोनदा गेली होती, दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढून.

भीमाचार्यांनी पडलेली साडी उचलून तिच्या बॅगेत ठेवली. “परत आलीस की माझ्या पाटाशेजारी पाट मांड,” ते म्हणाले. “उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही.”