सोनचाफ्याची पुडी

आमचे हे, म्हणजे ज्ञानदेव, बत्तीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत आहेत. तिथे शिरताना फोन फाटकावर जमा करायचा आणि तोंडही. निघताना फोन परत मिळतो, तोंड नाही. मी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं. "काम कुठवर आलं?" विचारलं की एकच उत्तर, "चालू आहे." लग्न झालं तेव्हाही चालूच होतं.

अधूनमधून मात्र येताना हे कर्वेनगरच्या कोपऱ्यावरच्या सोजरबाईंकडून सोनचाफ्याची पुडी आणायचे. फुलं हातात आली की मी खुळी. विचारायचं ते राहूनच जायचं.

गेल्या मे महिन्यात टीव्हीवर जिकडेतिकडे क्षेपणास्त्रं होती. वरच्या मजल्यावरची शेफाली घाबरून विचारायला आली, तेव्हा यांनी तिला कुठल्याही पुस्तकात असतं तेवढंच सांगितलं.

"क्षेपणास्त्राला पुढे डोळा असतो. ते फोडायलाच हवं असं नाही. लहरी सोडून त्याला भलतीकडेच जहाज दाखवायचं. ते तिकडे जातं आणि पाण्यात पडतं."

"मग कोणीच मरत नाही?"

"नाही. तेच तर," हे म्हणाले. यांचा चेहरा इतका उजळलेला मी फक्त मुलीच्या बारशाला पाहिला होता.

मी कणीक मळत होते. हात थांबले. भलतीकडेच दाखवायचं, म्हणजे सोनचाफा. आठवून पाहिलं, तर ज्या ज्या दिवशी पुडी आली, त्या दिवशी यांना जेवण गेलं नव्हतं. काम फसलं की फुलं. इतकी वर्षं हा माणूस मला हुलकावणी देत होता. आधी संताप आला. मग कळलं, आपलं दुःख माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून हा सगळा खटाटोप. मी पुन्हा कणीक मळायला घेतली.

या महिनाअखेर हे निवृत्त होतील. गेल्या आठवड्यात बॅग भरताना म्हणाले, "समुद्रावर चाचणी आहे. दोनदा जमलं नाही. या खेपेलाही नाही जमलं तर सगळं बंद करतील." इतकं लांबलचक यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

पाच दिवस फोन नाही. काल संध्याकाळी मी बाल्कनीत उभी होते. रिक्षा नेमकी सोजरबाईंच्या टोपलीपाशी थांबली आणि तिच्या आड काय चाललंय ते मला दिसेना. आज फुलं नकोत रे देवा, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

रिक्षा हलली आणि हे चालत येताना दिसले. यांच्या एका हातात बॅग होती. दुसरा हात रिकामा होता.

नवरा रिकाम्या हाताने आला म्हणून मला कधी इतका आनंद झाला नव्हता. यांना चहा दिला, चपला घातल्या आणि कोपरा गाठला.

"सायेब आत्ताच गेलं की," सोजरबाई म्हणाल्या. "म्या पुडी बांधाय घेतली, तर म्हनलं आज नगं. भांडान झालंय व्हय?"

"नाही हो. द्या ती पुडी."

घरी येऊन यांच्या शर्टाच्या खिशात दोन फुलं खोचली. यांनी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"चालू आहे," मी म्हटलं.

हे हसले, आणि हसता हसता चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.