गोठ्यात टाकलेला फिरकीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, आणि मित्रांनो, मी रागात आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणी 'अरे, जरा गोड बोल' म्हणायला नको. तीन दिवस मला शेणाच्या घमेल्याशेजारी टाकलं होतं. गुन्हा माझा नव्हता. कोणाचा होता, ते तुम्हीच ऐकून ठरवा.

फिरकीचा तांब्या म्हणजे ज्याचं झाकण गोल फिरवून घट्ट बसतं, आडवा झाला तरी ज्यातून थेंब सांडत नाही असा. मी स्टीलचा आहे. मला केजच्या बाजारात कौशल्याबाईंनी घेतलं, लेकीच्या लग्नासाठी. बाईंनी मला टिचकी मारून पाहिलं, पाणी भरून उलटा धरून पाहिलं, पदराने पुसलं आणि पोटावर नाव घालून घेतलं: 'विमल हिस आईकडून'. नाव घालणारं यंत्र कुरकुर करत अंगावर टिपके पाडत होतं तेव्हा लई झोंबलं होतं. पण नंतर त्या टिपक्यांचाच मला अभिमान वाटायला लागला. कौशल्याबाई आता नाहीत. त्यांचं या घरात उरलेलं एवढंच, माझ्या पोटावर.

विमलबाईंबरोबर मी तेलगावला आलो. कापूस वेचायला त्या रानात निघाल्या की टोपलीत भाकरीशेजारी मी. थोरली मंजुषा शाळेला जायला लागली तेव्हा तिच्या दप्तरात मी. ती दुसरीत असताना केजच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवरून तिच्या हातून सुटलो आणि गळ्याजवळ पोचा आला. तेव्हापासून माझं झाकण सहजासहजी कोणाला उघडता येत नाही. पोच्यावर अंगठा दाबायचा, बाजूला तळहाताची एक थाप द्यायची, मग फिरवायचं. ही खुबी घरात दोघींनाच माहीत. विमलबाईंना आणि मंजुषाला. घरातली पुरुषमाणसं आधी आदळआपट करायची, मग 'अगं ए' म्हणून हाक मारायची. हे लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे कामाला येईल.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. मला वरच्या फळीवर साबुदाण्याच्या डब्यामागे ढकललं. आठ वर्षं मी तिथे होतो. अंगावर धुळीचा थर बसला, एका कोळ्याने माझ्या कडीला जाळं बांधलं. वाईट वाटलं, पण राग नाही आला. वस्तू जुनी झाली की असं होतंच.

राग आला तो यंदा.

मंजुषा पुण्यात एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे. तिथल्या बारमध्ये ती पाहुण्यांसाठी पेयं बनवते. मोजूनमापून, फळांचे रस घालून, वेगवेगळ्या चवीची. शिकून केलेलं काम आहे, आणि सगळे तिला मॅडम म्हणतात. पण वडिलांना हे कळलं तेव्हा घरात नुसता भडका उडाला. वडील म्हणजे भगवानराव. गावचे पुढारी. गावातल्या बायांनी दारूचं दुकान बंद पाडायला मतदान घेतलं, तेव्हा मंडपात छाती बडवून भाषण ठोकणारे हेच.

"त्या धंद्याचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई," ते मंजुषाला म्हणाले होते. "लोकाला सांगायचं, कॉम्प्युटरवर हाय."

पाच वर्षं पोरगी सणाला येते आणि ओट्यावर बसून खोटं बोलते. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. घरी यावं आणि कोणी विचारलं तर खरं सांगता यावं. बस, एवढंच.

यंदा मंजुषा सणाला घरी आलेली असताना एका रविवारी दुपारी बीडहून राधाकिशनसाहेब जेवायला आले. निवडणुकीचं तिकीट त्यांच्या हातात, म्हणून भगवानराव सकाळपासून पाण्यात पडल्यासारखे घामेजलेले. अंगणात तीन दगडांवर मटण शिजत होतं. विमलबाई माळकरी. मटणाची भांडी त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाहीत, ती गोठ्यातल्या फळीवर वेगळी असतात. हा नेम त्यांनी लग्नापासून मोडलेला नाही.

साहेब वरच्या खोलीत टेकले आणि म्हणाले, "पुण्यात एकदा ते ब्रँडीचं पिलतो. संत्र्याचं, लिंबाचं. साइडकार का काय म्हणतेत. तसली चव पुन्ना न्हाई भेटली."

झालं. भगवानराव दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले आणि मंजुषापुढे उभे राहिले.

"तुला येतंय न्हवं ते साइडकार?"

मंजुषा कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली. "दादा, ते नाव ह्या घरात काढायचं न्हाई ना?"

"आता काढ! साहेबासाठी करून दे. एवढं कर, मग तुह्या कामाला म्या नाव ठेवणार न्हाई. लोकाला खरं सांग. माहा शब्द हाय."

शब्द हाय! मित्रांनो, मी फळीवरून कानांनी ऐकलं. (तांब्याला कान नसतात, असं म्हणू नका. कड्या असतात, त्यांना ऐकू येतं.)

मंजुषाने कामाला हात घातला, आणि मान्य करतो, बघत राहावं असं ते काम होतं. संत्र्याची गोड दारू तेलगावात कुठून येणार? तिने रानातल्या मोसंबीची साल किसली, साखरेत चोळली, साल सुगंध सोडेपर्यंत चोळत राहिली, मग त्यात मोसंबीचा रस घातला. लिंबं पिळली. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं: साहेबांच्या गाडीतून आलेली ब्रँडी दोन टोपणं, मोसंबीचं एक, लिंबाचं एक. बर्फ फडक्यात बांधून वरवंट्याने फोडला. आता हे सगळं हलवायला गच्च झाकणाचं भांडं हवं. तिने वर पाहिलं, साबुदाण्याचा डबा सरकवला आणि मला उतरवलं.

"मंजे, माह्या आईचा तांब्या हाय त्यो," विमलबाई कळवळून म्हणाल्या.

"माहीत हाय, आई. म्हणून तर ह्यो भरवशाचा."

आठ वर्षांनी तिचा हात लागला. मला धुतलं, भरलं, झाकण लावलं आणि कानाजवळ धरून खळखळ हलवलं. बाहेरून मला दव धरलं, तिच्या बोटांना चटका बसावा इतका मी गार झालो. अंगठा, थाप, फिरकी. झाकण उघडलं. तिने चहाच्या गाळणीने काठाला साखर लावलेल्या पेल्यात गाळलं. स्वतः थेंबही चाखला नाही. वासावरून तिला कळलं. (आणि तुम्हीही चाखायचं नाही, बरं का. मी तांब्याचं आयुष्य सांगतोय, पाककृती नाही.)

पेला वर गेला. साहेब खूश. "भगवानराव, कोणी केलं हो हे?"

आणि मित्रांनो, शब्द देणारे ते भगवानराव काय म्हणाले?

"आमच्या सोमेश्वरनं. पोराला लई नाद हाय असल्याचा."

सोमेश्वर म्हणजे मंजुषाचा धाकटा भाऊ. बॅनरवर गॉगल घालून झळकण्यापलीकडे ज्याला काही येत नाही, घरचा पंखासुद्धा पुसता येत नाही, तो! जिन्यात उभ्या असलेल्या मंजुषाने ते ऐकलं. ती खाली येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गार पडलेलो होतो म्हणून, नाहीतर उकळलो असतो.

साहेबांना दुसरा पेला हवा होता, पण या वेळी समोर बनवलेला. सोमेश्वर खाली आला, मंजुषाने मला भरून दिलं, झाकण लावलं, आणि तो मला घेऊन वर गेला. साहेबांपुढे त्याने मला डोक्यावर नेऊन हलवलं, पाठीमागून हलवलं, मोबाइलात पाहिलेलं सगळं केलं. मग झाकण फिरवायला गेला.

मी आवळून बसलो. गार स्टील, त्यात पोचा, त्यात माझा राग. उघड म्हणावं आता.

त्याने दात-ओठ खाल्ले. सदऱ्याच्या टोकाने धरलं. साहेबांचा ड्रायव्हर बंकट पुढे झाला, त्यालाही नाही जमलं. मग सोमेश्वरने गाडीतून पक्कड मागवली आणि, मित्रांनो, कौशल्याबाईंच्या नावावर ती पक्कड लावली! 'आईकडून' या अक्षरांवरून कर्रकन घसरली. तो ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे.

तो आवाज ऐकून मंजुषा वर आली. तिने भावाच्या हातून मला काढून घेतलं.

"पक्कड काहून लावतो बे? आजीचं नाव हाय त्याच्यावर!"

अंगठा, थाप, फिरकी. तिने गाळलं आणि पेला साहेबांपुढे ठेवला.

"ही कोण?" साहेब म्हणाले.

"मी मंजुषा. ह्यांची थोरली. पुण्यात हॉटेलात हेच काम करते. पहिलं बी मीच केलतं."

साहेब मोठ्याने हसले. "मंग लपवायचं काय एवढं?" असं म्हणत त्यांनी आणखी दोन पेले रिचवले. भगवानरावांनी दोन घेतले, सोमेश्वरने तीन. जेवले, ढेकर दिली, आणि तिकिटाचं 'बघू' म्हणून साहेब निघून गेले.

गाडी दिसेनाशी झाली आणि भगवानराव फिरले. "चारचौघात माही इज्जत घालवली! सकाळच्या गाडीनं जायाचं, आन् परत ही पायरी चढायची न्हाई. आन् त्यो तांब्या बाटलाय, घरात नको. फेका गोठ्यात!"

सोमेश्वरने झाकण वेडंवाकडं आवळलं आणि मला भिरकावलं. मी शेणात पडलो. म्हैस माझ्याकडे बघत होती. मी बाटलो, मित्रांनो! ज्याने नुसतं धरून ठेवलं तो बाटला. जिने केलं ती बाटली. आणि ज्यांच्या पोटात गेलं ते सोवळे!

दिवेलागणीला विमलबाई गोठ्यात आल्या. हातात दोन ताटं. माझ्याशेजारची जागा झाडली आणि ताटं मांडली. मग हाक मारली, "जेवाया या दोघं."

भगवानराव आले आणि जागीच थांबले. "हे काय?"

"ज्या भांड्याला दारू लागली ते गोठ्यात, असं तुमीच म्हणलाव," विमलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमाला दोघाला लागली. माह्या पोरीनं थेंब चाखला न्हाई. ती आत जेवंल, आन् कुठं जायाची न्हाई. ज्या दिवशी तांब्या तुमच्या हातानं घासून आत याल, त्या दिवशी तुमचं ताट आत."

भगवानराव ओरडले, ताट लाथाडायला गेले, पण म्हशीचं दावं पायात आलं. शेवटी ते तिथेच चार घास जेवले, सोमेश्वर मात्र त्या रात्री उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी दोघं मुकाट गोठ्यात जेवले. तिसऱ्या दिवशीही. 

चौथ्या दिवशी सकाळी भगवानरावांनी मला उचललं आणि नळावर आणलं. राख घेतली, चिंच घेतली, घासायला बसले. शेजारच्या बायनाबाई घागर भरत होत्या, त्या बघतच राहिल्या. बाहेरून मी लख्ख झालो. आतून घासायला झाकण काढायला हवं होतं. साखर वाळून फिरकी चिकटलेली. भगवानरावांनी जोर लावला, तळहात लाल केले, मला दगडावर आपटायला उचललं, आणि थांबले. बहुतेक नावावरचा ओरखडा दिसला.

त्यांनी मला हळूच खाली ठेवलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली. "मंजे! ए मंजे! ह्याचं झाकण उघडून दे गं."

मंजुषा आली. अंगठा, थाप, फिरकी. उघडून तिने मला त्यांच्या हातात परत दिलं आणि उभी राहिली.

"कॉम्प्युटरवाल्या पोरीच्या हाताला लई जोर हाय की," बायनाबाई म्हणाल्या.

भगवानरावांनी माझ्या पोटात हात घातला. खाली बघत घासत राहिले.

"कॉम्प्युटर न्हाई, बायनाबाई," ते म्हणाले. "पुण्याला हॉटेलात हाय. दारूचं... पेयं बनवती. लई मोठं हॉटेल हाय."

आता मी मंजुषाच्या बॅगेत आहे, पुण्याच्या गाडीत. विमलबाईंनी स्वतः ठेवलं. माझा राग गेला का? नाही गेला. एवढं एक वाक्य बोलायला एका माणसाला तीन दिवस गोठ्यात जेवावं लागलं, याचा तर जास्तच आलाय. मित्रांनो, भांडी घासताना नावावरून हात हळू फिरवा. आणि कोणतंही भांडं गोठ्यात टाकायच्या आधी स्वतःच्या तोंडाचा वास घेऊन बघा.