एकुलतं विमान

पुंजारामने राजदूत फटफटी दारात आणून उभी केली, तरी रंगनाथ ओसरीवर सुपातले हुलगे निवडत बसलेला.

"काय राव, कारखाना सोडून हुलगे निवडायला लागला?"

"रजा टाकलीय."

"आजच? अरे, विमान आज खोलून मोडीत काढायचंय. साहेबांनी तुझंच नाव घेतलंय."

"म्हणूनच टाकलीय."

पुंजाराम हसला नाही. गाडी बंद करून पायरीवर टेकला.

ओझरच्या कारखान्यात तसलं एकच विमान झालं होतं. लहानसं जेट. पुढे शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी, मागे दोन पाहुणे. एरवी टपाल घेऊन या तळावरून त्या तळावर जायला योजलेलं. शहात्तर साली ते पहिल्यांदा उडून उतरलं, तेव्हा रंगनाथने शेपटीच्या पत्र्याला तळहात लावला होता. उन्हातून खेळून आलेल्या लेकराच्या अंगासारखा कढत लागला होता पत्रा. पुढे वरून मंजुरी आलीच नाही. त्याच्या पाठीवर भावंड झालं नाही. सात वर्षं ते शेडच्या कोपऱ्यात धूळ पांघरून उभं होतं.

रंगनाथच्या आईने, लंकाबाईने, चहा आणला.

"मावशे, तूच सांग याला," पुंजाराम म्हणाला.

तिने कप दिला, मग लेकाकडे पाहिलं.

"बघवणार नाय, व्हय?"

रंगनाथची बोटं हुलग्यांत नुसतीच फिरत राहिली.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं. आपलं वावर इमानतळाला गेलं, अन् विहीर बुजवायच्या दिशी मी कळवणला भावाकडं जाऊन बसले. आले तं सपाट माळ." पदराने तिने उगाच कपाळ पुसलं. "पर डोळ्यांनी बघितली नाय, म्हनून माझी विहीर बुजलीच नाय रं रंगा. पहाटं सपनात अजून पोहरा भरून येतो, हाताला जड लागतो."

मामा आजारी होता म्हणून आई गेली होती, एवढंच रंगनाथला ठाऊक होतं. त्याने सूप बाजूला सारलं. वलणीवरचा खाकी सदरा अंगात चढवला.

बाहेर आला तर लंकाबाई वहाणा घालून गाडीपाशी उभी.

"तू कुठं?"

"कुंपणापतोर. आत कोण घेतंय मला?"

"तिघं बसलो तर हवालदार धरील, मावशे," पुंजाराम पुढे सरकत म्हणाला.

"धरू दे. तुला सोडवायला हाय तुझी बायको."

एस.टी.तसुद्धा तळाच्या बाजूची खिडकी ती कधी घेत नसे. तळ डाव्या हाताला लागतो. लेकाच्या खांद्याला धरून लंकाबाई डावीकडे पाय सोडून बसली, आणि म्हणाली, "चल."